एका कुशीवरचा मासा

पुसद हे गाव समुद्रापासून फार दूर आहे. पश्चिमेकडे सरळ रेषेत मोजले, तरी अरबी समुद्राचा किनारा सुमारे ५०० किलोमीटरांवर येतो. तथापि गावाजवळून वाहणाऱ्या पूस नदीचे समुद्राशी काही नाते नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. पूस पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते आणि गोदावरी ते सारे बंगालच्या उपसागरात नेऊन ओतते. पुसदच्या शिवारात पडलेला पावसाचा थेंब अशा रीतीने पाच नद्यांच्या पात्रांतून प्रवास करीत समुद्रास पोहोचतो.

या नद्यांच्या आणि धरणांच्या गोड्या पाण्यातले मासे तिकडच्या मुलांच्या चांगल्या ओळखीचे असतात. रोहू, कटला, मरळ, वाम ही नावे त्यांना पाठ असतात. यांतला एखादा रोहू फळीवर आडवा ठेवलेला पाहावा. वरच्या अंगाला एक वाटोळा डोळा दिसतो. मासा उलटा केला, की दुसऱ्या अंगाला तसाच दुसरा डोळा दिसतो. डावीकडे जसे खवले तसेच उजवीकडे. इकडे जसा कल्ला तसाच तिकडे. माशाच्या मधोमध आरसा उभा धरावा आणि एका अर्ध्याचे प्रतिबिंब म्हणजेच दुसरे अर्धे व्हावे, अशी ही रचना असते. माणूस, गाय, चिमणी, फुलपाखरू या सर्वांची घडण याच नियमाने झालेली आहे. त्यामुळे प्राणी म्हटला म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच असणार, असे आपण न विचारताच गृहीत धरतो.

आता कोकणच्या किनाऱ्यावर जाऊ. रत्नागिरी, मालवण, वेसावे, कोठलाही मासळीबाजार घ्या. कोळिणीच्या पाटीत बांगडे आणि बोंबील यांच्याशेजारी वीतभर लांबीचा, चिंचेच्या पानासारखा नव्हे, तर चांगला जिभेसारखा लांबट व पातळ असा एक तपकिरी मासा पडलेला असतो. त्याला लेप म्हणतात. त्याच्या डोक्यावर, अगदी जवळजवळ, मोहरीच्या दाण्यांसारखे दोन बारीक डोळे असतात. पाहणाऱ्याला प्रथम त्यात काही विशेष वाटत नाही. पण तोच मासा उलटा करून पाहावा! खालची बाजू पांढरीफटक असते आणि तिच्यावर डोळा नसतो. तेथे डोळ्याची खोबणसुद्धा दिसत नाही. नवख्या माणसाला वाटते, की या बिचाऱ्याचा एक डोळा कोणी तरी काढून पलीकडे चिकटवला असावा.

गंमत अशी, की ही समजूत पुष्कळशी खरी आहे. त्याचा एक डोळा खरोखरच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेलेला असतो. मात्र तो कोणी नेलेला नसतो. तो आपण होऊन गेलेला असतो, आणि तोही माशाच्या हयातीतच.

हे कसे घडते ते समजण्यासाठी आधी समुद्राच्या तळाचा विचार केला पाहिजे. किनाऱ्यालगतचा सागरतळ म्हणजे चिखल व वाळू यांचे विस्तीर्ण मैदान. त्यात किडे असतात, लहान शिंपले असतात, कोळंबीची पिले असतात. वरच्या पाण्यात मेलेल्या जीवांचे अवशेषही सावकाश खाली येऊन त्यावर साचत असतात. खाणाऱ्याला येथे तोटा नाही. पण या मैदानावर झाड नाही, झुडूप नाही, लपायला आडोसा नाही. जो मासा तेथे उभा राहील तो चारी दिशांनी दिसेल. म्हणून येथे राहायचे तर जमिनीला चिकटून राहिले पाहिजे.

पाकट नावाच्या माशाने हे काम सरळ मार्गाने साधले आहे. त्याचे शरीर वरून खाली दाबल्यासारखे पसरट झालेले असते. कणकेचा गोळा पोळपाटावर तळहाताने दाबावा, तसा तो पोटावर बसतो. त्याचे दोन्ही डोळे पाठीकडे, एक डावीकडे व एक उजवीकडे, आणि तोंड पोटाखाली असते. डोळ्यांमागे दोन छिद्रे असतात, त्यांतून तो श्वासासाठी पाणी आत घेतो. त्यामुळे तोंडात गाळ जाण्याची भीती राहत नाही. पाकटाचा आकार चमत्कारिक खरा, पण त्याच्या दोन बाजू एकमेकींशी तंतोतंत जुळतात.

लेपाचा मार्ग निराळा आहे. त्याचे शरीर दोन कुशींकडून दाबल्यासारखे, म्हणजे पापलेटासारखे अरुंद व उभट असते. पापलेट पाण्यात उभा पोहतो, तेव्हा तो रुबाबदार दिसतो. पण त्याला तळावर बसवायचे ठरविले तर काय होईल? पोटाची धार इतकी अरुंद, की तो तिच्यावर तोलून राहूच शकणार नाही. तो आडवा पडेल. वही टेबलावर उभी ठेवली, तर ती जशी एका पुठ्ठ्यावर पडते तसेच. लेपाच्या पूर्वजांची स्थिती काहीशी अशीच असली पाहिजे. ते एका कुशीवर पडून राहिले आणि लक्षावधी वर्षे पडून राहिले. मात्र कुशीवर निजणाऱ्याची एक मोठी अडचण असते. त्याचा खालचा डोळा वाळूत जातो आणि तो फुकट असतो.

ही अडचण लेपाच्या कुळाने ज्या रीतीने सोडविली, तिच्याइतकी विलक्षण गोष्ट प्राणिसृष्टीत क्वचितच सापडेल.

लेपाची अंडी पाण्यात तरंगत असतात. त्यांतून जे पिल्लू बाहेर येते, ते इतर कोणत्याही माशाच्या पिल्लासारखेच दिसते. ते काचेसारखे पारदर्शक असते, पाठ वर व पोट खाली ठेवून पोहते, आणि त्याचा एक डोळा डावीकडे तर दुसरा उजवीकडे असतो. त्याला तळाची काहीच माहिती नसते. पाण्याच्या वरच्या थरांत सूक्ष्म जीव खात ते वाढत असते. या वयात ते एखाद्या माणसाच्या हाती लागले, तर हे पुढे लेप होणार आहे, हे ओळखणे त्याला कठीण जावे.

मग काही आठवडे लोटतात. जातीजातींत फरक असतो. पण पिल्लू साधारण एक-दीड सेंटिमीटर लांबीचे होते, तेव्हा बदलास आरंभ होतो. त्याच्या शरीरातील अवटू ग्रंथी, जिला व्यवहारात आपण थायरॉइड म्हणतो, तिचा रस रक्तात अधिक प्रमाणात उतरू लागतो. पावसाळी डबक्यातले बेडकाचे शेपटीवाले पिल्लू सर्वांनी पाहिले असेल. त्याची शेपटी विरघळून जाते आणि पाय फुटतात, तेही याच ग्रंथीच्या रसामुळे. बेडकाला जो रस पाय देतो, तोच लेपाचा डोळा हलवितो.

डोळ्याच्या वर कूर्चेची एक बारीक पट्टी असते. कूर्चा म्हणजे आपल्या कानाच्या पाळीवरच्या भागात असते तसले मऊ हाड. ही पट्टी विरघळू लागते आणि वाट मोकळी होते. कवटीची हाडे एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला कमी अशी वाढू लागतात. सारे डोके पीळ दिल्यासारखे वळते. लेपाच्या बाबतीत उजवा डोळा वर सरकू लागतो. तो कपाळाच्या धारेपाशी येतो, धार ओलांडतो आणि पलीकडे उतरून डाव्या डोळ्याच्या शेजारी जाऊन बसतो. या प्रवासात तो आंधळा झालेला नसतो. त्याची दृष्टीची नस त्याच्याबरोबरच ताणत जाते. डोळा सरकत असतानाच पिल्लू पोहताना एका बाजूस कलू लागते. आधी थोडे, मग अधिक. शेवटी ते पुरते आडवे होते आणि तळाकडे निघते. त्यानंतर बहुधा आयुष्यभर ते उजव्या कुशीवरच राहते.

लेपाच्या डोळ्याची दिशा अशी ठरलेली असली, तरी चपट्या माशांच्या सर्वच घराण्यांत ती एक नसते. लेपाच्या घराण्यात दोन्ही डोळे डावीकडे असतात. त्याच्या एका जवळच्या घराण्यात ते उजवीकडे असतात. उत्तर पॅसिफिक महासागरातील एका जातीची तर आणखी मौज आहे. जपानच्या किनाऱ्यावर तिचे जवळजवळ सारे मासे डाव्या अंगाला डोळे असलेले असतात, आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर डावे-उजवे दोन्ही प्रकार आढळतात. माणसांत काही डावखुरे असतात, त्याची येथे आठवण होते.

डोळा सरकला म्हणजे सारे काम संपले, असे नाही. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते. माशालाही ती असते. लेप आडवा झाला, की ही यंत्रणाही त्याच्याबरोबर आडवी होते. डोळे मात्र वर पाहू लागलेले असतात. म्हणजे घराची भिंत जमीन झाली, पण खिडक्या होत्या तशाच आकाशाकडे उघडल्या, असा प्रकार झाला. यामुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी चपट्या माशांच्या मेंदूत कान आणि डोळ्यांचे स्नायू यांना जोडणाऱ्या मज्जातंतूंची जुळणीही नव्याने होते. बाहेरून दिसणाऱ्या बदलापेक्षा हा आतला बदल अधिक थक्क करणारा आहे.

याशिवाय पोटातली हवेची पिशवी नाहीशी होते. पुष्कळ माशांना अशी पिशवी असते आणि तिच्या बळावर ते पाण्यात अधांतरी राहू शकतात. ज्याला तळावरच पडून राहायचे, त्याला ती कशाला हवी? लहानपणी ती असते. मोठेपणी बहुतेक चपट्या माशांत ती उरत नाही. वरच्या बाजूस रंग भरतो, खालची बाजू पांढरी राहते. लेपाला छातीचे पर तर मुळीच नसतात. पाठीचा, पोटाचा आणि शेपटीचा पर मिळून अंगाभोवती एक अखंड झालर तयार झालेली असते. या झालरीच्या लाटा करीत तो तळालगत सरपटत गेल्यासारखा पोहतो. त्याचे तोंडही वाकडे असते. डोक्याला पीळ पडला, पण जबडा पुरता वळला नाही, त्याचा हा परिणाम. यावरून युरोपात एक कथा प्रचलित झाली. जर्मनीतील ग्रिम बंधूंनी जमविलेल्या लोककथांत ती आहे. माशांत राजा निवडण्यासाठी शर्यत लागली, एका चपट्या माशाने जिंकणाऱ्याचा हेवा करून कुत्सित उद्गार काढले, आणि तेव्हापासून त्याचे तोंड वाकडे झाले, असे ती सांगते. शास्त्रज्ञांनी सांगितलेली हकीकत या कथेपेक्षा किती तरी अधिक नवलाची आहे, हे मात्र कथा रचणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

तळावर उतरलेला लेप वाळूत कसा दडतो, हे पाहण्यासारखे असते. तो अंगाच्या झालरीला काही जलद हिसके देतो. खालची वाळू उसळते, क्षणभर पाणी गढूळ होते, आणि उसळलेली वाळू त्याच्याच अंगावर येऊन बसते. काही क्षणांत मासा नाहीसा होतो. आईने झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावे, तसे हे आपले पांघरूण तो आपणच ओढून घेतो. बाहेर राहतात ते फक्त डोळे. चपट्या माशांच्या डोळ्यांमागे द्रवाची एक लहानशी पिशवी असते. ती आवळली, की डोळा वर उचलला जातो. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरू शकतात; एक पुढचा किडा पाहत असतो, तेव्हा दुसऱ्याने मागून येणारा शत्रू पाहावा, अशी सोय असते. श्वासाची व्यवस्थाही तितकीच चोख असते. तोंडाने घेतलेले पाणी दोन्ही कल्ल्यांवरून जाते; पण खालचे कल्ल्याचे दार वाळूत दबलेले असल्याने काही जातींत खालच्या बाजूचे पाणी आतल्या एका वाटेने वर येते आणि वरच्या दाराने बाहेर पडते. असे झाले नसते, तर प्रत्येक श्वासाबरोबर वाळू उडाली असती आणि लपलेला मासा तत्काळ उघडा पडला असता.

वाळू नसेल तेथे रंग कामास येतो. चपट्या माशांच्या कातडीत रंगाच्या सूक्ष्म पेशी असतात. पेशीतला रंग पसरला, की तो ठिपका गडद दिसतो. रंग मध्यभागी गोळा झाला, की फिका दिसतो. या पेशींवर मज्जातंतूंची सत्ता असते. फ्रान्सिस समनर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने इटलीतील नेपल्स येथे यासंबंधी प्रयोग केले आणि १९११ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याने माशांच्या हौदाच्या तळाशी निरनिराळी नक्षी ठेवली. कधी बारीक ठिपके, कधी मोठे ठिपके, कधी बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी घरे. मासे जमेल तितके त्या तळासारखे दिसू लागत. बुद्धिबळाचा पट अंगावर हुबेहूब उमटला, असे कोणी समजू नये. माशापाशी ठिपक्यांचे काही ठरावीक नमुने असतात. त्यांतलाच सर्वांत जवळचा तो निवडतो. ज्या माशांना दिसत नसे, ते तळाशी रंग जुळवू शकत नसत. यावरून हा सारा कारभार डोळ्यांच्या साक्षीने चालतो, हे सिद्ध झाले. या कामाला समनरच्या माशांना पुष्कळ वेळ लागत असे. पुढे तमिळनाडूत जन्मलेले विख्यात मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी उष्ण कटिबंधातील एका चपट्या माशावर प्रयोग केले. हा मासा अवघ्या दोन ते आठ सेकंदांत तळाशी एकरूप होतो, असे त्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. आपल्याला सदरा बदलायलाही याहून अधिक वेळ लागतो.

एवढ्यानेही ज्यांचे भागत नाही, अशा काही जाती विषाचा आश्रय घेतात. तांबड्या समुद्रात राहणाऱ्या एका चपट्या माशाच्या परांच्या मुळाशी ग्रंथी असतात व त्यांतून दुधासारखा पांढरा द्रव पाझरतो. यूजिनी क्लार्क या अमेरिकन विदुषींनी १९७० नंतरच्या दशकात त्याचा अभ्यास केला. मुशी या माशाला तोंडात धरी, आणि तोच जबडा मिटता न आल्याने धडपडून त्याला सोडून देई.

आता या कथेतील सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळले पाहिजे. लेपाच्या पिल्लाचा डोळा काही दिवसांत सरकतो, हे ठीक. पण लेपाच्या कुळाला ही विद्या मुळात आली कोठून?

चार्ल्स डार्विन याने १८५९ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्राण्यांच्या जाती पिढ्यान्‌पिढ्या थोड्याथोड्या बदलत जातात, उपयोगी बदल टिकतात व निरुपयोगी मागे पडतात, असे त्याचे प्रतिपादन होते. सेंट जॉर्ज मायव्हर्ट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाला हे मान्य होईना. १८७१ मध्ये त्याने डार्विनपुढे नेमके हे चपटे मासे आणून टाकले. त्याचे म्हणणे असे: डोळा जर थोडाथोडा सरकत गेला असेल, तर पहिल्या थोड्याशा सरकण्याने माशाला काय लाभ झाला? डोळा कपाळापर्यंत आला नाही, वाळूतून वर आला नाही, अर्ध्या वाटेतच राहिला, तर तो वाळूतच ना? मग अर्धा सरकलेला डोळा टिकावा तरी कशाला?

हा प्रश्न सोपा नव्हता, आणि तो विचारणाऱ्याला मूर्ख समजणे अन्यायाचे होईल. डार्विननेही तसे समजले नाही. १८७२ मध्ये आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत त्याने त्याला सविस्तर उत्तर दिले. कुशीवर पडलेली लहान पिले खालच्या डोळ्याने वर पाहण्याची खटपट करतात, डोळा जोराने वर फिरवितात, आणि कोवळ्या हाडांवर त्याचा परिणाम होतो, असे निरीक्षण एका युरोपीय संशोधकाने केले होते. त्याचा आधार डार्विनने घेतला. हे उत्तर आज जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. एकाने आयुष्यभर केलेल्या खटपटीचे फळ त्याच्या मुलांना जन्मतःच मिळत नाही, हे आता आपल्याला ठाऊक आहे. पहिलवानाचा मुलगा तालीम केल्यावाचून पहिलवान होत नाही. पुढे काही विद्वान असेही म्हणू लागले, की डोळा थोडाथोडा सरकलाच नसावा. एखाद्या पिढीत तो एकदम पलीकडे गेला असावा. वाद मिटला नाही, कारण पुरावा कोणापाशीच नव्हता. ज्याचा डोळा अर्ध्या वाटेत आहे असा मासा कोणी दाखविला असता, तर प्रश्न सुटला असता.

तो मासा दगडात होता. इटलीच्या उत्तरेस बोल्का नावाचे स्थळ आहे. तेथील चुनखडीत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले मासे, काटा न् काटा दिसावा असे, जपून राहिलेले आहेत. (चुनखडी म्हटली, की यवतमाळ जिल्ह्यातील वाचकांना वणीकडच्या खाणी आठवतील. पैनगंगेच्या खोऱ्यातील ती चुनखडीही एके काळी समुद्राच्या तळाशीच साचली. पण ती १०० कोटी वर्षांहून जुनी आहे. त्या काळी पृथ्वीवर मासा नावाचा प्राणी जन्मलाच नव्हता, म्हणून तेथे माशांचे ठसे शोधण्यात अर्थ नाही.) बोल्काचे मासे फार पूर्वीपासून युरोपातील संग्रहालयांत ठेवलेले होते. त्यांतल्या काहींचे डोळे विचित्र जागी आहेत, हे दिसत असूनही कोणी नीट पाहिले नव्हते. दगडाखाली दबून कवटी वेडीवाकडी झाली असेल, असे समजून लोक पुढे जात.

मॅट फ्रीडमन हा त्या वेळी शिकागो येथे संशोधन करणारा विद्यार्थी होता. त्याने हे जुने नमुने पुन्हा बाहेर काढले, रुग्णालयात वापरतात तसल्या क्ष-किरण यंत्राने दगडाच्या आतली कवटी तपासली आणि एकाच नव्हे, अनेक नमुन्यांत तोच प्रकार आहे, याची खात्री करून घेतली. २००८ मध्ये त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या माशांचा एक डोळा आपल्या जागी होता; दुसरा वर सरकला होता, पण कपाळाची धार ओलांडून पलीकडे गेलेला नव्हता. मायव्हर्टला जो मासा अशक्य वाटला होता, तो ५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात राहत होता. एका नमुन्याच्या पोटात तर त्याने गिळलेला मोठा मासाही सापडला. म्हणजे अर्ध्या वाटेतल्या डोळ्याने त्याची उपासमार झालेली नव्हती.

अर्धा सरकलेला डोळा कशाला उपयोगी पडत असेल, याचे काहीसे उत्तर आपल्याच किनाऱ्यावर मिळते. मुंबईच्या बाजारात लेपाबरोबर भाकस नावाचा एक चपटा मासा येतो. तो लेपाहून खूप मोठा व जाड असतो, त्याचे तोंड मोठे आणि दात तीक्ष्ण असतात. त्याच्या शास्त्रीय नावात ‘एरुमेई’ असा शब्द आहे. तो तमिळ असून एरुमै म्हणजे म्हैस. भाकसाचा सरकलेला डोळा पूर्णपणे पलीकडे गेलेला नसतो. तो डोक्याच्या अगदी वरच्या धारेवर बसलेला असतो. पाठीचा परही लेपाप्रमाणे डोळ्यापर्यंत आलेला नसतो, बराच मागे सुरू होतो. त्याच्या काहींचा डावा तर काहींचा उजवा डोळा सरकतो, आणि दोहोंची संख्या जवळपास सारखीच असते. शिवाय भाकस पुष्कळदा इतर माशांसारखा उभा पोहतो आणि मोठ्या भक्ष्याच्या मागे लागतो. तळावर पडताना चपटे मासे परांच्या टोकांवर अंग किंचित उचलूनही धरू शकतात. अशा वेळी थोडासा वर आलेला डोळाही वाळूतून सुटतो आणि पाहू लागतो. आंधळ्या डोळ्यापेक्षा अर्धवट पाहणारा डोळा किती तरी बरा!

वाद येथेच संपला, असे मात्र समजू नये. भाकसाचे कूळ आणि लेपाचे कूळ मुळात एकच होते, की दोघांनी कुशीवर निजण्याची ही युक्ती स्वतंत्रपणे साधली, याबद्दल अलीकडे शास्त्रज्ञांत नवा मतभेद उत्पन्न झाला आहे. दोन्ही पक्ष माशांच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासून आपापली बाजू मांडीत आहेत.

चपट्या माशांच्या सुमारे ८०० जाती आहेत. काही बोटभर लांबीच्या, तर अटलांटिकमधील हॅलिबट अडीच मीटरांहून लांब आणि ३०० किलोग्रॅमहून जड होऊ शकतो. बहुतेक सारे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात राहतात. थोडे दीड-दोन हजार मीटर खोलीपर्यंत जातात. एकदा मात्र जगातल्या सर्वांत खोल जागी चपटा मासा पाहिल्याची वार्ता आली होती. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे ‘त्रिएस्त’ नावाच्या पाणबुड्या यानात बसून पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९०० मीटर खोलीवर उतरले. लहानशा काचेतून आपल्याला सुमारे फूटभर लांबीचा चपटा मासा दिसला, असे पिकारने सांगितले. जग आश्चर्याने थक्क झाले, पण प्राणिशास्त्रज्ञांना ते पटले नाही. ती समुद्रकाकडी नावाच्या प्राण्याची जात असावी, असे त्यांचे मत पडले. एवढ्या खोलीवर पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहूनही अधिक असतो आणि तेथे माशाचे शरीर तग धरू शकत नाही, असे आज मानले जाते. २०२२ मध्ये जपानजवळच्या समुद्रात ८,३३६ मीटर खोलीवर एका माशाचे चित्रण झाले. त्याहून खाली मासा कॅमेऱ्याने टिपलेला नाही, आणि तो मासाही चपट्या कुळातला नव्हता.

खऱ्या लेपाला मात्र धोका आहे तो उथळ पाण्यात. यांत्रिक नौका मोठी जाळी समुद्राच्या तळावरून ओढीत नेतात. तळ खरवडला जातो. वाळूत दडून बसण्याची जी युक्ती मुशीला चकविते, ती या जाळ्यापुढे चालत नाही. जाळ्याची घरे बारीक असली, तर नुकतेच तळावर उतरलेले, बोटाच्या पेराएवढे पिल्लूही त्यात सापडते. ज्याचा डोळा कालच आपल्या जागी पोहोचला, ते पिल्लू आज कवडीमोलाने विकले जाते. महाराष्ट्राने सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा १९८१ मध्ये केला, आणि पावसाळ्यात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद ठेवावी लागते. तथापि बंदी पाळणे आणि जाळ्याची घरे मोठी ठेवणे या गोष्टी ज्याच्या घरी आजची चूल पेटायची आहे, त्याला फार जड जातात, हेही खरे आहे.

मालवणच्या किनाऱ्यावर अजून काही ठिकाणी रापण ओढली जाते. जाळे होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकतात आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरून पुष्कळ माणसे मिळून ओढतात. जाळे वाळूवर आले, की त्यात बांगडे, तारल्या, खेकडे यांची एकच झुंबड उडालेली असते. पोरे भोवती गोळा होतात. अशा वेळी एखादा लेप जाळ्याच्या कडेखालून निसटतो आणि घोटाभर पाण्यात पडतो. कोणी त्याच्यावर झडप घालणार, तोच तो अंगाला हिसके देतो. पाणी गढूळ होते. लाट परतते, पाणी पुन्हा निवळते, आणि तेथे नुसती वाळू दिसते. फार निरखून पाहिले, तर त्या वाळूत मोहरीएवढे दोन ठिपके दिसतात, आणि त्यांतला एक हळूच वळून पाहणाऱ्याकडे पाहत असतो.